विजेत्यांचा लेख सभागृहाला ऐकू द्या : आठवणी-लेखनाच्या स्पर्धा घेणाऱ्या ग्रंथालयांना आणि साहित्य मंडळांना खुले पत्र

प्रति,
माननीय कार्यवाह आणि स्पर्धा समितीचे सभासद,
सार्वजनिक ग्रंथालये, वाचनालये व साहित्य मंडळे

स. न. वि. वि.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला, नाहीतर १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आपल्यापैकी अनेकजण आत्मपर लेखांची किंवा आठवणींची स्पर्धा घेता. त्याबद्दल आधी मनापासून आभार. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. इतक्या जुन्या परंपरेच्या या दारात माणसं पुस्तक बदलायला येतात, तशी स्वतःच्या आयुष्यातलं काही लिहून द्यायलाही येतात, ही फार मोलाची गोष्ट आहे. आम्ही अशा स्पर्धांचं परीक्षण, मुद्रितशोधन आणि सूत्रसंचालन ही कामं करतो. हे पत्र निकाल लागल्यानंतरच्या पंधरा दिवसांबद्दल आणि बक्षीस समारंभाच्या दीड तासाबद्दल आहे.

गाण्याच्या स्पर्धेत विजेता गातो. रांगोळीच्या स्पर्धेत रांगोळी समोर असते. लेखनाच्या स्पर्धेत मात्र विजेत्याचं फक्त नाव पुकारलं जातं. तो मंचावर येतो, प्रमाणपत्र घेतो, कॅमेऱ्याकडे बघतो, उतरतो. सभागृहात दोन परीक्षक सोडले तर कुणीच तो लेख वाचलेला नसतो. पाहुणे साहित्याच्या प्रयोजनावर चाळीस मिनिटं बोलतात आणि ज्या लेखासाठी सगळे जमले तो कार्यालयातल्या कपाटात फाइलमध्ये असतो. आमचं मागणं एवढंच आहे : सत्कार लेखाचा करा. बाकीच्या सूचना त्यातूनच येतात.

पहिलं काम फोनचं. निकाल फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकण्याआधी प्रत्येक विजेत्याशी एकट्याशी बोला. आत्मपर लेखात लिहिणारा एकटा नसतो. त्यात सासू असते, भाऊ असतो, शेजारी असतात, आणि त्यांतले निम्मे समारंभाला समोरच्या रांगेत बसणार असतात. स्पर्धेला लेख पाठवताना दोन अनोळखी परीक्षक वाचतील एवढंच डोक्यात असतं. बक्षीस मिळालं की तोच लेख दोनशे माणसांसमोर जातो. म्हणून तीन प्रश्न विचारा. लेख स्वतःच्या नावानं जाहीर करायचा की टोपणनावानं? लेखातली कुणाची नावं, गावं, नाती बदलायची आहेत का? मंचावर कोणता भाग वाचायचा आणि कोणता अजिबात नाही? उत्तरं लिहून घ्या आणि त्याच दिवशी त्यांना मेसेज करून पक्की करा. लेख लैंगिक अत्याचाराबद्दल असेल तर इथे नुसत्या तोंडी होकारावर जाऊ नका. पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार बंदी आहे. तिनं स्वतः लेखी परवानगी दिली असेल तरच नाव देता येतं. पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याचे नियम त्याहून कडक आहेत, तिथे नाव देऊच नका.

फोनवरच चौथा प्रश्न विचारा, तो नावाचा. प्रमाणपत्रांचा साचा बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीचाच असतो आणि त्यात ‘श्री./सौ./कु.’ आधीच छापलेलं असतं. नावं भरणारा घाईत असतो, दोन शब्द खोडून तिसरा ठेवतो, किंवा बाईचं नाव दिसलं की सरळ ‘सौ.’ ठेवतो. आता लेख पतीच्या निधनानंतरच्या पहिल्या पावसाळ्याबद्दल असेल आणि प्रमाणपत्रावर ‘सौ.’ असेल, तर त्या बाईच्या हातात आपण काय देतो याचा विचार करा. तिनं हे प्रमाणपत्र घरी भिंतीवर लावायचं आहे. कुणी लग्नानंतरही माहेरचं आडनाव लावतं, कुणी आईचं नाव मधे लिहितं, कुणी आडनावच लावत नाही. प्रवेश अर्जातच एक ओळ वाढवा : ‘प्रमाणपत्रावर व पुस्तिकेत आपलं नाव जसं छापलं जावं असं वाटतं, अगदी तसं इथे लिहा.’ साच्यातले श्री., सौ., कु. काढूनच टाका. त्यांच्यावाचून कुणाचा मान कमी होत नाही. धनादेशाची गोष्ट वेगळी. तो बँकेतल्या नावानं लागतो. टोपणनावानं काढलेला धनादेश वटत नाही आणि विजेत्याला दोन महिने खेटे घालावे लागतात. खातं क्रमांक घेऊन रक्कम थेट पाठवणं सोपं. मंचावर पुठ्ठ्याचा भला मोठा चेक धरायला लावू नका. विजेता घरी जाताना तो एसटीत कुठे ठेवणार?

एसटीचा विषय निघालाच आहे तर प्रवासखर्चाचं बोलून घेऊ. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून ‘खर्च तो काय’ असं धरू नका. वयस्कर विजेत्याबरोबर कुणीतरी येतंच, त्याचं तिकीट लागतं, आणि सहाच्या कार्यक्रमानंतर परतीची गाडी नसेल तर एका रात्रीची सोयही लागते. स्पर्धेच्या अंदाजपत्रकात पुष्पगुच्छांची ओळ असते तशी विजेत्यांच्या प्रवासाची असू द्या. पुष्पगुच्छांची रक्कम तिकडे वळवली तरी बऱ्याच ठिकाणी भागेल.

आता वाचनाकडे येतो, कारण सगळा जीव तिथे आहे.

ऐकणाऱ्याला नीट पोचेल अशा बेतानं मराठी मोठ्यानं वाचलं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे १५०० शब्दांच्या लेखाला बारा ते चौदा मिनिटं. तिन्ही विजेत्यांनी पूर्ण लेख वाचायचे ठरवले तर चाळीस मिनिटं जातील आणि तिसऱ्या लेखाला न्याय मिळणार नाही. आमच्या मते पहिल्या क्रमांकाचा लेख पूर्ण, दुसऱ्या-तिसऱ्याचे साडेचारशे-पाचशे शब्दांचे उतारे, म्हणजे चार-चार मिनिटं, आणि दोन उत्तेजनार्थ असतील तर त्यांचा एकेक परिच्छेद. सगळं मिळून तेवीस-चोवीस मिनिटं, मंचावर चढणं-उतरणं धरून तीस. दीड तासाच्या कार्यक्रमात स्वागत आणि प्रास्ताविकाला सात मिनिटं, परीक्षकांना दहा, वाचनाला तीस, बक्षिसांना पंधरा, पाहुण्यांना पंधरा, आभाराला तीन. दहा मिनिटं हाताशी उरतात, आणि ती लागतात. पाहुण्यांना निमंत्रण देतानाच ‘पंधरा मिनिटं’ असं पत्रात लिहा आणि विजेत्यांचे लेख आठवडाभर आधी पाठवा. लेख वाचून आलेला पाहुणा त्यांतल्या एखाद्या वाक्याबद्दल बोलतो, आणि त्या एका उल्लेखानं विजेत्याला जे मिळतं ते शाल-श्रीफळात नाही.

उतारा लेखकानंच निवडावा, पण थोडी मदत करा. पहिल्यांदा लिहिणाऱ्याचे सुरुवातीचे दोन-तीन परिच्छेद बहुधा पार्श्वभूमीत जातात : जन्म कुठला, घर कसं, भावंडं किती. लेख जिवंत होतो तो पुढे, कुणीतरी दारात येतं तिथे. उतारा तिथून घ्या आणि आधीचं सूत्रसंचालकानं दोन वाक्यांत सांगावं. दोनच.

वाचनाची प्रत वेगळी काढा, पुस्तिकेतून वाचायला लावू नका. ए-फोर कागद, एकाच बाजूला छपाई, अठरा पॉइंट अक्षर, ओळींत दीडपट अंतर, पान परिच्छेदाच्या शेवटीच संपेल असं. वाक्याच्या मध्ये पान उलटावं लागलं की आवाज तुटतो. स्टेपलर मारू नका, वर पान क्रमांक घाला, कागद क्लिप-पॅडवर लावा. मंचावरचा पंखा ही फार साधी गोष्ट वाटते, पण सुटे कागद उडाले की पुढची पाच मिनिटं गेलीच. माइक स्टँडवरचा हवा, कारण वाचणाऱ्याचे दोन्ही हात कागदाला लागतात. तो तोंडापासून चार बोटांवर आणि किंचित खाली हवा. अगदी समोर ठेवला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. विजेते आल्यावर प्रत्येकाला माइकसमोर तीन वाक्यं वाचून बघू द्या आणि कोणासाठी स्टँड किती उंच ते लिहून ठेवा. बसून वाचायचं असेल तर खुर्ची आणि टेबल आधीच लावलेलं असावं. मंचाच्या पायऱ्यांना कठडा नसेल तर बक्षीसच खाली आणा. एखाद्या आजींना दोघांनी दंडाला धरून वर चढवण्यापेक्षा अध्यक्षांनी पाच पायऱ्या उतरणं शोभून दिसतं.

आणि आवाज भरून येतो. स्वतःच्या आईबद्दल लिहिलेलं दोनशे माणसांसमोर वाचताना तो येणारच. कुठे येईल ते लेखकाला बहुधा ठाऊक असतं. त्या ओळीशी पेन्सिलनं खूण करायला सांगा. पुढच्या रांगेत एक पर्यायी वाचक बसवा, ज्यानं लेख आधी दोनदा मोठ्यानं वाचला आहे आणि ज्याच्या हातात दुसरी प्रत आहे. वाचणारा थांबला तर थांबू द्या. सूत्रसंचालकानं माइकजवळ जायचं नाही, ‘किती भावुक झाल्या आहेत बघा’ असं म्हणायचं नाही, टाळ्या मागायच्या नाहीत. वीस सेकंदांची शांतता सभागृहाला झेपते. बहुतेक वेळा लेखक पुन्हा तिथूनच सुरू करतो. त्यानं मान हलवली तरच पर्यायी वाचकानं उठावं.

परदेशातल्या विजेत्याला थेट जोडण्याचा मोह आवरा. आपल्याकडे संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेसात, आणि सभागृहातलं इंटरनेट ऐन वेळी मान टाकतं. आठवडाभर आधी त्यांच्याकडून ध्वनिमुद्रण मागवा : बंद खोली, पंखा बंद, मोबाइल वीतभर अंतरावर. ते स्पष्ट ऐकू येतं.

सत्काराच्या वेळी बायकांना कुंकू लावायची, ओटी भरायची पद्धत अजून कित्येक ठिकाणी आहे. रांगेत एखादी विधवा विजेती आली की तबक धरणारी घुटमळते, आणि ते घुटमळणं सगळ्यांना दिसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनानं इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. आपण तर ग्रंथालय आहोत. सर्वांना सारखं पुस्तक द्या, तबक बाजूला ठेवा.

परीक्षकांना विनंती अशी की, प्रत्येक विजेत्या लेखाबद्दल साठ-सत्तर शब्द लिहून आणा आणि तेच वाचा. ‘हृदयस्पर्शी’, ‘ओघवती शैली’, ‘अंगावर काटा आणणारा अनुभव’ हे शब्द कुठल्याही लेखाला चिकटतात, म्हणून ते कुठल्याच लेखाचे नसतात. त्याऐवजी लेखातली जागा दाखवा. समजा लेख घर विकण्याबद्दल आहे, तर असं म्हणा : ‘चावी कुणाकडे द्यायची हा प्रश्न लेखात तीनदा येतो आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होतो.’ ऐकणाऱ्याला लेख वाचावासा वाटेल आणि लिहिणाऱ्याला आपण नेमकं काय साधलं ते कळेल. गुण देताना दुःखाला गुण जातात ही या स्पर्धांची जुनी अडचण आहे. आजारपण, मृत्यू, दारिद्र्य यांच्यापुढे आजीच्या पितळी डब्यावरचा लेख फिका वाटतो, मग तो कितीही चांगला लिहिलेला असो. डब्यावरच्या लेखाला पहिलं बक्षीस दिलं असेल तर का दिलं ते सभागृहाला उघडपणे सांगा. आणि सूत्रसंचालकानं ‘कर्करोगावर मात केलेल्या’ अशी कुणाची ओळख करून देऊ नये. त्या मंचावर लेखिका म्हणून आल्या आहेत.

पुस्तिका काढणार असाल तर, आणि काढाच, सगळ्यात जास्त वेळ मुद्रितशोधनाला ठेवा. हस्तलिखित फुलस्केपवर आलेलं असतं, डीटीपीवाला ते स्वतःच्या सवयीनं टाइप करतो. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापील प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं, याला दुसरा उपाय नाही. एकट्यानं तपासताना डोळा गाळलेली ओळ सहज ओलांडून जातो. पण सगळ्यात मोठं नुकसान होतं ते ‘शुद्ध’ करताना. कोल्हापूरकडे बायकाही ‘मी येतो’, ‘मी करतो’ म्हणतात. लेखात आजीचं वाक्य असतं, ‘तू जा शाळंला, म्हशीचं मी बघतो.’ तपासणारा ‘शाळंला’चं ‘शाळेला’ करतो, ‘बघतो’चं ‘बघते’ करतो, आणि आजी एका क्षणात बातम्या देऊ लागते. वऱ्हाडी ‘मले’चं ‘मला’ होतं, मालवणी ‘माका’ची तीच गत. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला वाव आहेच. निवेदनातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक जरूर दुरुस्त करा. बोलण्यातला एकही शब्द लेखकाला विचारल्याशिवाय हलवू नका. शेवटचं प्रूफ लेखकाला पाठवा आणि उत्तर यायला चार दिवस द्या.

मजकूर युनिकोडमध्ये आला आणि छपाईवाला श्री-लिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटवर काम करत असला तर रूपांतरात काही अक्षरं हमखास मोडतात : ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ्य, ‘ॲ’, सरकलेला रफार, आणि उलट्या-सुलट्या अवतरणचिन्हांच्या जागी आलेली भलतीच अक्षरं. छपाईला सोडण्याआधी एवढ्याच गोष्टी शोधत एक वेगळं वाचन करा.

आकार डेमी अष्टपत्री, साडेपाच गुणिले साडेआठ इंच. बारा पॉइंटात एका पानावर २७० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे १५०० शब्दांच्या लेखाला शीर्षकासह सहा पानं. पाच लेखांची तीस, पुढे मुखपृष्ठाच्या आतलं पान आणि परीक्षकांचं मनोगत मिळून बत्तीस : सोळा-सोळा पानांचे बरोबर दोन फर्मे. तेहतिसावं पान निघालं की ऑफसेटला तिसऱ्या फर्म्याचा खर्च लागतो, तेव्हा अध्यक्षांचं, उपाध्यक्षांचं आणि प्रायोजकांचं मनोगत या तिघांतलं काय ठेवायचं ते आधी ठरवा. लेख कापून जागा करू नका. दोनशे-अडीचशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते. तिथे सेंटर पिनसाठी, म्हणजे मधोमध पिन मारायला, पानं चारच्या पटीत धरली की झालं. प्रत्येक विजेत्याला निदान दहा प्रती द्या, त्यांना नातेवाइकांत वाटायच्या असतात. दोन प्रती दाखल नोंदवहीत चढवून देवघेवीला ठेवा, काचेच्या कपाटात नकोत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, घेतला तर तो मोफत मिळतो, फक्त अर्ज वेळेत करावा लागतो. पुस्तक प्रकाशित केल्यावर १९५४च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत प्रत पाठवायची असते. पाठवली की गावातल्या एका आजीचं लेखन देशाच्या ग्रंथालयात कायमचं जाऊन बसतं.

नियमावलीतली ‘आलेल्या साहित्यावर संयोजकांचा हक्क राहील’ ही ओळ कृपा करून काढा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि लेखकाच्या सहीचा असावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. कलम ५७ प्रमाणे हक्क देऊन झाल्यावरही आपल्या लेखनाची मानहानीकारक मोडतोड थांबवायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. आपल्याला हवं आहे ते एवढंच : पुस्तिकेत एकदा छापायची आणि कार्यक्रमात वाचायची परवानगी. तेवढंच एका कागदावर लिहून सही घ्या. माणसानं आपल्या आयुष्याबद्दल लिहिलेलं त्याच्याकडेच राहू द्या.

वर्तमानपत्राला बातमी त्याच संध्याकाळी सातच्या आत, आधीच लिहून ठेवलेली. तिच्यात पाचही विजेत्यांची नावं आणि लेखांची शीर्षकं पहिल्या दोन वाक्यांत असावीत. मंचावरच्या मान्यवरांची यादी आधी दिली तर जागा कमी पडल्यावर कात्री शेवटाला लागते आणि विजेते ‘आदी’मध्ये जातात. निमंत्रणपत्रिकेवर आणि फ्लेक्सवरही पाहुण्यांच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत लेखांची शीर्षकं घ्या.

ज्यांना बक्षीस मिळालं नाही त्यांचे लेख अजून आपल्या कपाटात आहेत. त्यांतल्या कित्येकांनी एकच प्रत लिहिली होती, झेरॉक्सही न काढता, आणि सोबत घरातला मूळ फोटो जोडला होता. निकालाच्या महिन्याभरात सगळं स्कॅन करून परत पाठवा. लेखाला दिलेला सांकेतिक क्रमांक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलनंच लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. फोटो दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, स्पीड पोस्टानं. बरोबर दोन ओळींचं पत्र आणि पुस्तिकेची एक प्रत.

या वर्षीच्या विजेत्यांना आमच्या शुभेच्छा कळवा. कार्यक्रमाची वेळ कळवलीत तर आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
आत्मपर लेखन स्पर्धांचे काही परीक्षक, मुद्रितशोधक आणि सूत्रसंचालक